अमोनिया सेन्सरमधील इलेक्ट्रोड : या चुका टाळा

शीतगृहातील किंवा खत कारखान्यातील अमोनिया सेन्सर चुकीचे आकडे दाखवू लागला की बहुधा आधी सर्किट तपासले जाते, मग पुन्हा कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या वायूवर आकडा जुळवणे) केले जाते आणि त्यानेही भागले नाही तर सेन्सर बदलला जातो. नवा सेन्सरही काही आठवड्यांत तसाच वागू लागला, तर दोष सर्किटात नसून इलेक्ट्रोडचा धातू, त्याला भिजवणारा इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारे माध्यम) आणि त्यावर राखलेले विभव (व्होल्टेज) या तिघांच्या मेळात आहे, अशी शंका घ्यायला हवी. प्रयोगशाळेत स्वतः इलेक्ट्रोड तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांचेही बहुतेक प्रश्न शेवटी याच ठिकाणी येऊन थांबतात. प्रश्न केवळ अचूकतेचा नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियाची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि अल्पकालीन मर्यादा ३५ पीपीएम होती. ज्या सेन्सरची संवेदनशीलता एक तृतीयांशाने घसरली आहे, तो हवेत ३५ पीपीएम अमोनिया असताना सुमारे २३ दाखवील आणि २५ वर लावलेला अलार्म वाजणारच नाही.

‘प्लॅटिनम घेतले की झाले’ हा समज

अमोनियाच्या ऑक्सिडीकरणासाठी प्लॅटिनम हा चांगला उत्प्रेरक आहे, यात वाद नाही. मात्र तो किती वेळ चांगला राहतो, हा प्रश्न विचारला जात नाही. गेरिशर आणि माउरर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या आणि आजही मोठ्या प्रमाणावर मान्य असलेल्या यंत्रणेनुसार अमोनियाचा रेणू पृष्ठभागावर बसल्यावर एकेक हायड्रोजन गमावतो आणि अर्धवट हायड्रोजन उरलेले तुकडे एकमेकांशी जोडले जाऊन शेवटी नायट्रोजन वायू बाहेर पडतो. ज्या तुकड्यांचे सगळेच हायड्रोजन निघून जातात, ते मात्र नुसते नायट्रोजन अणू होऊन प्लॅटिनमला घट्ट चिकटतात आणि तेवढी जागा निकामी करतात. ज्यावरून सेन्सर वायूचे प्रमाण सांगतो तो विद्युतप्रवाह, वायूचे प्रमाण स्थिर असूनही हळूहळू घसरत जातो, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

येथे सर्वांत जास्त फसवणूक होते ती चक्रीय व्होल्टॅमेट्रीच्या आलेखामुळे. त्या चाचणीत विभव सतत वरखाली होत असल्यामुळे प्रत्येक फेरीत पृष्ठभाग बऱ्याच अंशी आपोआप साफ होतो, आणि पन्नासाव्या फेरीतही आलेखातील प्रवाहाचे शिखर जवळपास तेवढेच उंच दिसू शकते. प्रत्यक्ष सेन्सर एकाच विभवावर तासन्‌तास बसलेला असतो. म्हणून इलेक्ट्रोडची निवड शिखराच्या उंचीवरून करू नये. ठरलेल्या विभवावर, ठरलेल्या वायूत, निदान काही तास प्रवाह मोजावा आणि मगच मत बनवावे. हा साधा प्रयोग टाळला जातो, कारण त्याचा आलेख देखणा नसतो.

प्रवाह घसरला की विभव वाढवून पाहण्याचा मोह होतो, आणि ही पहिलीपेक्षा मोठी चूक आहे. जास्त विभवावर प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि पृष्ठभाग आणखी लवकर मंदावतो. शिवाय अभिक्रियेचा मार्गही बदलू शकतो. अमोनियापासून नायट्रोजन वायू झाला तर दर रेणूमागे ३ इलेक्ट्रॉन मिळतात, नायट्राइट झाले तर ६ आणि नायट्रेट झाले तर ८. या मार्गांचे मिश्रण होऊ लागले की प्रवाह आणि वायूचे प्रमाण यांचे सरळ नाते तुटते, आणि दोन बिंदूंवर केलेले कॅलिब्रेशन मधल्या आकड्यांसाठी निरुपयोगी ठरते. निकेल हायड्रॉक्साइडचे इलेक्ट्रोड स्वस्त म्हणून वापरणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष तपासावी, कारण त्यांवर उच्च विभवाला नायट्रेटसारखी उत्पादने तयार होतात.

उपाय म्हणून प्लॅटिनममध्ये इरिडियम मिसळले जाते, त्यामुळे ऑक्सिडीकरण तुलनेने कमी विभवाला सुरू होते. यावरून निव्वळ इरिडियम किंवा रुथेनियम आणखी सरस असेल, असा निष्कर्ष काढू नये. हे धातू नायट्रोजनला प्लॅटिनमपेक्षाही घट्ट धरून ठेवतात. याउलट सोने, चांदी आणि तांबे त्याला इतके सैल धरतात की नायट्रोजन वायू तयार होण्याची क्रिया नीट होतच नाही. ठरावीक अंतराने विभवाची अल्पकालीन स्पंदने देऊन पृष्ठभाग ताजा करता येतो, मात्र त्या काळातील वाचन सॉफ्टवेअरने वगळले पाहिजे, नाहीतर प्रत्येक स्पंदनाला खोटा अलार्म वाजेल.

इलेक्ट्रोलाइट विसरून केलेली निवड

कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरमध्ये सर्रास सल्फ्युरिक आम्ल असते, आणि दोन्ही सेन्सर बाहेरून सारखे दिसत असल्याने त्याच रचनेत अमोनिया मोजण्याचा प्रयत्न होतो. अमोनियम आयनाचा पीकेए (ज्या सामूला अमोनियम आणि मोकळा अमोनिया निम्मे-निम्मे असतात तो आकडा) २५ अंश सेल्सिअसला सुमारे ९.२५ आहे. याचा अर्थ, सामू १ असलेल्या आम्लात सुमारे १८ कोटी अमोनियम आयनांमागे अमोनियाचा एकच मोकळा रेणू उरतो. प्लॅटिनमवर ऑक्सिडीकरण होते ते मोकळ्या अमोनियाचे. अमोनियम आयन जवळजवळ निष्क्रिय राहतो. त्यावर कितीही महाग उत्प्रेरक वापरला तरी उपयोग नाही, आणि आम्ल मात्र हळूहळू खर्च होत जाते. नाफिऑन या आयन वाहून नेणाऱ्या बहुलकाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. उत्प्रेरकाची शाई बनवताना बंधक म्हणून ते हाताशी असते. पण ते आम्लधर्मी आहे, अमोनियाशी संयोग होऊन ते अमोनियम रूपात जाते आणि त्याची वाहकता घटते.

मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. बंद पात्रातील चाचणीसाठी ते उत्तम आहे. उघड्या हवेत काम करणाऱ्या सेन्सरमध्ये मात्र ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, सामू उतरतो आणि कार्बोनेटचे स्फटिक इलेक्ट्रोडच्या छिद्रांत साचतात. म्हणूनच व्यावसायिक सेन्सरमध्ये क्षार विरघळवलेले सेंद्रिय द्रावक किंवा आयनिक द्रव (द्रवरूपातील क्षार) यांचा आधार घेतला जातो. काही सेन्सर तर अमोनियाचे थेट ऑक्सिडीकरण करतच नाहीत. अमोनियामुळे इलेक्ट्रोलाइटचा सामू बदलतो आणि त्यामुळे दुसऱ्याच एका पदार्थाची अभिक्रिया सुरू होते. अशा सेन्सरचा दोष शोधताना वर सांगितलेली प्लॅटिनमची कारणमीमांसा लागू पडत नाही, म्हणून आपला सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे माहितीपत्रकात आधी पाहावे. ज्यांत इलेक्ट्रोलाइटमधील घटक खर्च होतो, त्यांचे आयुष्य पीपीएम-तासांत मोजले जाते. कोंबड्यांच्या शेडमध्ये सतत २५ पीपीएम अमोनिया असेल, तर दिवसाला ६०० पीपीएम-तास खर्ची पडतात. असा सेन्सर लवकर संपला तर तो सदोष नव्हता, त्याची जागा चुकली होती.

संदर्भ इलेक्ट्रोड आणि जोडणीच्या तारा

ज्याच्या तुलनेत विभव मोजले जाते तो संदर्भ इलेक्ट्रोड म्हणून प्रयोगशाळेत चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड सवयीने उचलला जातो. परंतु सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळते, हे महाविद्यालयातील क्षारपरीक्षणातच शिकवलेले असते. अमोनिया तिथवर पोहोचला की थर झिजतो आणि संदर्भाचे विभव सरकू लागते, त्यामुळे कार्यकारी इलेक्ट्रोड (ज्यावर अमोनियाची अभिक्रिया होते तो) बिघडल्याचा भास होतो. प्लॅटिनम आणि हवा यांचा संदर्भ अधिक टिकतो, पण त्याचे विभव सामूवर अवलंबून असते. सामू २ एककांनी उतरला तर ते २५ अंशांना सुमारे ११८ मिलिव्होल्टने सरकते. त्यामुळे वाचन भरकटले की आधी संदर्भ तपासावा, उत्प्रेरकाला नंतर हात लावावा.

तांब्याची पट्टी, पितळी स्क्रू आणि सर्किट बोर्डावरील उघडे तांबे यांना अमोनियापासून दूर ठेवावे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना तडे जात असत, त्यामागे घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया होता, आणि ही गोष्ट १९२१ मध्ये स्पष्ट झाली. जोडणीसाठी प्लॅटिनमची तार महाग वाटते हे खरे. तरी वाचवलेले पैसे पुढे गंजाच्या रूपाने वसूल होतात.

जागेवर होणाऱ्या चुका

शीतगृहातून सेन्सर एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला की वायू आत घेणाऱ्या पटलावर दव जमते, अमोनिया त्या पाण्यातच विरघळतो आणि वाचन शून्याजवळ अडकते. सेन्सर कोरडा होऊ द्यावा, तेवढ्यावर तो मोडीत काढू नये. जवळ स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरले तर उलट आकडा उसळू शकतो, कारण अल्कोहोल आणि हायड्रोजन सल्फाइड यांनाही अनेक अमोनिया सेन्सर प्रतिसाद देतात. विभव न लावता चालणारा सेन्सर साठवताना कार्यकारी आणि संदर्भ टोके जोडणारी क्लिप काढू नये. विभव लावावे लागणारा सेन्सर मात्र सतत विद्युतपुरवठ्यावर ठेवावा, नाहीतर सुरू केल्यावर तो स्थिर व्हायला बराच वेळ लागतो.

कॅलिब्रेशनच्या वेळी रबरी नळी वापरू नये. अमोनिया नळीच्या भिंतींना चिकटतो, त्यामुळे सेन्सरपर्यंत सिलिंडरवर लिहिलेल्यापेक्षा कमी वायू पोहोचतो आणि तोच कमी आकडा योग्य धरून सेन्सर जुळवला जातो. टेफ्लॉनची आखूड नळी घ्यावी आणि वाचन स्थिर होईपर्यंत वायू सोडावा. नायट्रोजनात मिसळलेला अमोनिया दीर्घकाळ सोडल्यासही अडचण येते, कारण विद्युतमंडल पूर्ण करणाऱ्या प्रतिइलेक्ट्रोडवर सहसा ऑक्सिजनचे क्षपण (इलेक्ट्रॉन स्वीकारणे) होत असते. सेन्सरमध्ये साठलेला ऑक्सिजन संपत आला की कार्यकारी इलेक्ट्रोड निरोगी असूनही प्रवाह घसरतो. हा दोष ओळखणे सोपे आहे : वायू थांबवून सेन्सर स्वच्छ हवेत ठेवावा, मग अमोनियाचा छोटा झोत द्यावा. प्रतिसाद पूर्ववत आला, तर उत्प्रेरक बदलण्याचे कारण नाही.