घरबसल्या आडवाटेचा जपानी चित्रपट: शोधावा कसा, पाहावा कसा

आमच्या लातूरच्या घरात सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलेला पहिला जपानी चित्रपट म्हणजे कानेतो शिंदो यांचा १९६० सालचा 'हादाका नो शिमा', अर्थात 'उघडे बेट'. गोड्या पाण्याचा थेंब नसलेल्या एका लहानशा बेटावर नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले राहतात. शेजारच्या बेटावरून होडीने पाणी आणायचे, दोन बादल्यांची कावड खांद्यावर घेऊन उभ्या चढणीने वर न्यायचे आणि पळीपळीने रोपांच्या बुडाशी घालायचे, एवढाच त्यांचा दिवस असतो. संवाद जवळजवळ नाहीतच. १९७२ च्या दुष्काळात लहानपणी लांबून पाणी वाहिलेली माझी मावशी दहाव्या मिनिटाला म्हणाली, "बाईचं पाऊल बघ, पाणी हिंदकळू नये म्हणून कशी जपून टाकायली." पुढे त्या बाईच्या हातून एक बादली सांडते, तेव्हा मावशीने पदर तोंडाशी धरला आणि ती काहीच बोलली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसांना हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तेव्हापासून मला जो कोणी विचारतो की जपानी चित्रपटांच्या आडवाटेला लागावे कसे, त्याला मी हेच सांगतो की शंभर नावांची यादी घेऊन बसू नये. आपल्या मातीशी नाते सांगणारा एकच चित्रपट निवडावा, तो नीट पाहावा आणि मग त्याचा धागा धरून पुढचा शोधावा. अकिरा कुरोसावा आणि यासुजिरो ओझू यांची नावे सगळीकडे सापडतात आणि त्यांचे चित्रपट अवश्य पाहावेत, परंतु त्यांच्या पलीकडचे जे आहे ते अशा धाग्यांनीच हाती लागते.

धागा धरायचा तो श्रेयनामावलीतून. चित्रपट संपताच दिग्दर्शकाबरोबरच संगीतकार, छायाचित्रकार, पटकथाकार आणि निर्मिती संस्था यांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. यांपैकी संगीतकाराचा धागा मला सर्वांत लाभदायक वाटतो, आणि त्याला कारण आहे. त्या काळातले जपानी दिग्दर्शक बहुधा शोचिकु, तोहो, दाईएई, निक्कात्सु अशा एखाद्या स्टुडिओला बांधलेले असत. संगीतकार मात्र आज इकडे तर उद्या तिकडे काम करीत. 'हादाका नो शिमा'चे संगीत हिकारू हायाशी यांचे आहे. त्यांचे नाव घेऊन शोधले की शिंदो यांचेच 'ओनिबाबा' (१९६४) आणि 'कुरोनेको' (१९६८) सापडतात, आणि त्याच नावावरून आपण एकदम नागिसा ओशिमा यांच्या 'कोशिकेई' (१९६८) या चित्रपटापाशी येतो. फाशी देऊनही मृत्यू न आलेला आणि स्मृती गेलेला एक कैदी, आणि त्याला त्याचा गुन्हा आठवून देण्यासाठी धडपडणारे तुरुंगाधिकारी असा त्याचा विषय आहे. पाण्याच्या कावडीपासून निघालेला माणूस दोन पावलांत अशा ठिकाणी पोहोचतो, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

'कोशिकेई'च्या श्रेयनामावलीत आर्ट थिएटर गिल्ड हे नाव येते आणि तिथून एक संपूर्ण दालन उघडते. १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेने आधी परदेशी कलात्मक चित्रपट जपानमध्ये दाखवले आणि पुढे स्वतंत्र दिग्दर्शकांबरोबर भागीदारीत, सुमारे एक कोटी येन इतक्या तुटपुंज्या खर्चात, चित्रपट काढायला सुरुवात केली. स्टुडिओंनी ज्याला हात लावला नसता असे पुष्कळ काम त्यामुळे पडद्यावर आले. तोशिओ मात्सुमोतो यांचा 'बारा नो सोरेत्सु' (१९६९), अकिओ जिस्सोजी यांचा 'मुजो' (१९७०) आणि शुजी तेरायामा यांचा 'देनएन नि शिसु' (१९७४) हे तिन्ही या संस्थेचेच. स्टुडिओत राहून वेगळे काही करू पाहणाऱ्याचे काय होई, हे सेइजुन सुझुकी यांच्या उदाहरणावरून समजते. १९६७ चा त्यांचा 'कोरोशी नो राकुइन' पाहून निक्कात्सुच्या प्रमुखांनी, हा चित्रपट कळतच नाही, अशी तक्रार केली आणि १९६८ मध्ये त्यांना कामावरून काढले. ते न्यायालयात गेले, तडजोड झाली, पण त्यानंतर जवळपास दहा वर्षे त्यांना चित्रपटगृहासाठी चित्रपट करता आला नाही.

दुसरा असाच भरभक्कम धागा संगीतकार तोरू ताकेमित्सु यांचा. हिरोशी तेशिगाहारा यांचा 'सुना नो ओन्ना' (१९६४), मासाकी कोबायाशी यांचे 'सेप्पुकु' (१९६२) आणि 'काइदान' (१९६४), मासाहिरो शिनोदा यांचा 'शिंजू तेन नो आमिजिमा' (१९६९), आणि थेट कुरोसावा यांचा 'रान' (१९८५), या सगळ्यांना त्यांचे संगीत आहे. वाळूच्या खड्ड्यात अडकून रोज रात्री वाळू उपसणारी माणसे 'सुना नो ओन्ना'त आहेत. 'उघडे बेट' आवडलेल्या माणसाने दुसरा चित्रपट म्हणून हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव कळले तरी चित्रपट सापडतोच असे नाही, कारण एकाच चित्रपटाची इंग्रजी नावे अनेक असतात. 'हादाका नो शिमा' कुठे 'द नेकेड आयलंड' आहे, तर कुठे नुसता 'द आयलंड'. माणसांच्या नावांचा घोळ त्याहून मोठा आहे. जपानी पद्धतीत आडनाव आधी येते, त्यामुळे एकच माणूस 'शिंदो कानेतो' आणि 'कानेतो शिंदो' अशा दोन्ही रूपांत भेटतो. शिवाय दीर्घ 'ओ' रोमन लिपीत कोणी एका 'ओ'ने लिहितो, कोणी दोन 'ओ'ंनी, तर कोणी 'ओ'पुढे 'एच' जोडतो. यावर खात्रीचा उपाय एकच आहे. विकिपीडियावरच्या चित्रपटाच्या पानावरून मूळ जपानी अक्षरांतले नाव आणि प्रदर्शनाचे वर्ष उचलून मोबाइलमधल्या टिपणात चिकटवून ठेवावे आणि त्या अक्षरांनीच शोध घ्यावा. जपानी वाचता येत नसले तरी चिकटवता येते.

कुठे पाहावा, याबाबत तीन-चार गोष्टी माहीत असल्या तरी काम भागते. जस्टवॉच या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून नाव टाकले की तो चित्रपट सध्या कोणत्या सेवेवर आहे ते समजते. मुबी या ऑनलाइन चित्रपटसेवेवर जपानी चित्रपट बऱ्यापैकी येतात, पण तिथली यादी बदलत राहते, म्हणून दिसला की लांबणीवर टाकू नये. जपान फाउंडेशन ही जपानची सांस्कृतिक संस्था आपल्या जपानी चित्रपट महोत्सवाची ऑनलाइन आवृत्तीही भरवते. नावनोंदणी करून तिथले चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत एरवी कुठेच न दिसणारी नावे असतात. जपानच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपानी ॲनिमेशनच्या शताब्दीनिमित्त २०१७ साली सुरुवातीच्या काळातले ॲनिमेशनपट एका संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांत १९१७ सालचा 'नामाकुरा गाताना' आहे. काही मिनिटांचाच असल्याने मुलांना जेवणाआधी दाखवायला तो फार चांगला. क्रायटेरियन चॅनल ही नावाजलेली सेवा भारतात उपलब्ध नाही, तेव्हा तिच्या मागे वेळ घालवू नये.

डिस्क विकत घेणाऱ्याने क्षेत्र-क्रमांक, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या यंत्रांवर चालेल याची खूण, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भारताचे डीव्हीडी क्षेत्र पाच आणि ब्लू-रे क्षेत्र 'सी' आहे. जपानचे अनुक्रमे दोन आणि 'ए'. अमेरिकेत निघणाऱ्या ब्लू-रे सहसा 'ए' आणि ब्रिटनमधल्या सहसा 'बी' क्षेत्राच्या असतात. मी एका विक्रेत्याकडून आठवडाभर वाट पाहून मागवलेली डिस्क आमच्या यंत्रात लागलीच नाही आणि ती परत घ्यायलाही त्याने नकार दिला. सर्व क्षेत्रांच्या डिस्क चालवणारे यंत्र नसेल तर या वाटेला न जाणे बरे. जपानमध्ये निघालेल्या डिस्कवर बहुधा इंग्रजी उपशीर्षकेही नसतात.

आता ज्या प्रश्नावर घरातला बेत खरोखर मोडतो त्याकडे वळतो. इंग्रजी उपशीर्षके भराभर वाचणे आई, मावशी, आजोबा यांना जमत नाही आणि अर्ध्या तासात ती मंडळी उठून जातात. यावरचा उपाय मला जपानच्याच इतिहासात सापडला. मूकपटांच्या काळात तिथे पडद्याशेजारी 'बेन्शी' नावाचा निवेदक उभा राहत असे. तो कथा सांगे, सगळ्या पात्रांचे आवाज काढी, आणि लोक कित्येकदा नटापेक्षा त्याच्याच नावावर तिकीट काढत. कीर्तनकाराच्या तोंडून आख्यान ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना ही पद्धत मुळीच परकी वाटत नाही. घरातल्या एकाने चित्रपट आदल्या दिवशी पाहून घ्यावा, महत्त्वाचे संवाद मराठीत टिपावेत आणि प्रत्यक्ष पाहताना हलक्या आवाजात सांगावेत. प्रत्येक वाक्य सांगू नये. भांडण कशावरून आहे आणि कोण कोणाचा कोण लागतो एवढे सांगितले की चेहरे बाकीचे सांगतात.

ज्यांना अधिक खपायची तयारी आहे त्यांनी स्वतःच्या डिस्कवरच्या किंवा कायदेशीर प्रतीबरोबर आलेल्या उपशीर्षकांचे मराठी भाषांतर करावे. एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते: आधी क्रमांक, त्याखाली सुरू होण्याची व संपण्याची वेळ, त्याखाली वाक्य आणि मग एक मोकळी ओळ. वेळेला हात न लावता वाक्य तेवढे बदलावे आणि फाइल 'यूटीएफ-८' स्वरूपात साठवावी, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकटी दिसतात. चित्रपटाच्या फाइलला जे नाव तेच या फाइलला देऊन दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की संगणकावर चित्रपट दाखवणारा व्हीएलसी प्लेअर ती आपोआप उचलतो. ओळी मागेपुढे होत असतील तर 'जी' आणि 'एच' ही बटणे दाबून जुळवता येतात. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावल्यास जोडाक्षरे तुटतात असा माझा अनुभव आहे. लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडला की अक्षर स्वच्छ येते.

भाषांतर करताना एक गोष्ट ध्यानात आली ती येथे मुद्दाम नोंदवतो. जपानी घरात धाकटा भाऊ थोरल्याला नावाने हाक मारत नाही, 'ओनिइसान' म्हणतो; थोरल्या बहिणीला 'ओनेएसान'. इंग्रजी उपशीर्षके तिथे पुष्कळदा नुसते नाव घालून मोकळी होतात. आपल्याकडे दादा आहे, ताई आहे, काकू आहे, वहिनी आहे. कान देऊन ऐकले आणि त्या जागी आपला शब्द ठेवला की इंग्रजीत हरवलेला मान मराठीत परत येतो, आणि पाहणाऱ्याला घरातली उतरंड क्षणात कळते.

टीव्हीच्या मांडणीकडेही लक्ष द्यावे. ओझू यांनी रुंद पडदा कधीच वापरला नाही, तर 'हादाका नो शिमा' अतिशय रुंद चौकटीत चित्रित झाला आहे. पहिल्यात डावी-उजवीकडे आणि दुसऱ्यात वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे जाडी दिसतात आणि मोठे केले तर कडेचा समुद्र कापला जातो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण तिने जुना चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. आवाजाचे म्हणाल तर उन्हाळ्यात कूलर हाच मोठा शत्रू आहे. 'काइदान'मध्ये ताकेमित्सु यांनी लाकूड तडकण्याचे आवाज संगीत म्हणून वापरले आहेत आणि दोन आवाजांमधली शांतता त्यांना तितकीच मोलाची आहे. कूलरच्या घरघरीत त्यातले काहीही उरत नाही. आम्ही असे चित्रपट थंडीत पाहतो, किंवा मे महिन्यात रात्री दहानंतर गच्चीवर पांढरी चादर बांधून, लहान प्रोजेक्टरवर. लाइट जाण्याची भीती असेल तर ज्या सेवेत डाउनलोडची सोय आहे तिथून चित्रपट आधीच उतरवून ठेवावा.

आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वर आलेल्या नावांपैकी 'ओनिबाबा', 'बारा नो सोरेत्सु' आणि 'मुजो' हे प्रौढांसाठीच आहेत, आणि १९७१ पासून निक्कात्सुने तर प्रामुख्याने कामुक चित्रपटच काढले. मुलांसह बसायचे असेल तर आधी एकट्याने पाहिल्याशिवाय काहीही लावू नये.

दुर्मीळ या शब्दाचा अर्थ या क्षेत्रात कधीकधी फार कठोर असतो. भूकंप, युद्ध आणि हयगय यांत युद्धपूर्व काळातले बहुतेक जपानी चित्रपट नष्ट झाले. सादाओ यामानाका यांनी वीसहून अधिक चित्रपट केले आणि १९३८ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी ते युद्धसेवेत वारले. त्यांचे तीनच चित्रपट आज जवळपास पूर्ण रूपात पाहता येतात. त्यांतला शेवटचा, १९३७ चा 'निंजो कामी फुसेन', एका गरीब चाळीची गोष्ट सांगतो आणि मराठी माणसाला तो ओळखीचा वाटेल. तेइनोसुके किनुगासा यांचा १९२६ चा 'कुरुत्ता इप्पेजी' हरवलाच असे सगळे धरून चालले होते. १९७१ मध्ये तो स्वतः दिग्दर्शकालाच आपल्या कोठारात सापडला.

म्हणूनच न मिळालेल्या चित्रपटांची नावे आमच्या वहीत वेगळ्या पानावर आहेत. त्यांत सर्वांत वर शिन्सुके ओगावा यांचा १९८२ चा साडेतीन तासांचा माहितीपट आहे, 'निप्पोन-कोकु: फुरुयाशिकी-मुरा'. नारिता विमानतळासाठी जमिनी द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे राहून चित्रीकरण करणारा ओगावा यांचा गट पुढे यामागाता प्रांतात जाऊन स्वतः भातशेती करू लागला, आणि थंड हवेने भाताचे पीक कसे जाते याचा शोध घेत हा चित्रपट सुरू होतो. गारपिटीने हरभरा झोपलेला पाहिलेल्या आमच्या मामांना तो दाखवायचा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ती जपानी अक्षरे चिकटवून शोध घेतो आणि वहीत त्या नावापुढे तारीख टाकून ठेवतो.