कार्टोडेममधली उणे उंची अशी सुधारा

इस्रोच्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या स्टिरिओ (दोन कोनांतून घेतलेल्या) चित्रांवरून बनवलेलं कार्टोडेम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा (डेम), इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उतरवलं की कोकण किनाऱ्यावरची गावं चक्क उणे 60 मीटरच्या आसपास दिसतात. फाइल टाकून देऊ नका! ती उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, डब्ल्यूजीएस-84 लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते.

1. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ईजीएम-96 जिऑइडचा रास्टर (चौकटीचौकटींची फाइल) जोडा. जिऑइड म्हणजे सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग; तो लंबगोलापासून किती वर-खाली आहे, ते या फाइलमध्ये असतं.
2. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये डेममधून तो वजा करा. आपल्याकडे जिऑइडचा आकडाच उणे, म्हणून उंची वाढते.
3. एखाद्या पुळणीवर क्लिक करून बघा. आकडा शून्याच्या जवळ आला, तरच कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढा.

नासाच्या एसआरटीएम या डेमला मात्र हे करू नका. त्याची उंची आधीच जिऑइडवरून दिलेली असते.