सोलापूरच्या भुईकोटाचा पूर्वेचा तट बघायला जाताना

सोलापूरचा भुईकोट पार्क चौकालगत, ऐन वर्दळीत आहे. त्याच्या तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या, पूर्वेच्या बाजूला थेट सिद्धेश्वर तलाव. या पूर्वेच्या तटावर उभं राहिलं की पाण्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर समोर येतं. किल्ल्यातल्या बागेत फेरी मारून परतणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण मधे तटच आडवा येतो.

सगळ्यात आधी वेळ ठरवा, बाकीची तयारी त्यावर बेतते. इथून मंदिर पूर्वेला, म्हणून सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि मंदिराची नुसती काळी आकृती दिसते. दुपारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि शिखरापासून पायऱ्यांपर्यंत सगळं उजळतं. मात्र सूर्यास्ताची वाट बघत बसू नका. त्याआधी पाऊण तास तटाची सावली त्याच्या उंचीच्या पाच-सहापट लांब जाते आणि जवळचं पाणी काळवंडतं. सूर्यास्तापूर्वीचे दोन तास ते एक तास, एवढीच खरी वेळ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चारला तटावर हवं; मेअखेरीस तो सातच्या सुमारास, तेव्हा पाचला. किल्ला किती वाजता बंद होतो हे आत शिरतानाच गेटवर विचारून घ्या आणि तिकिटाला सुटे पैसे जवळ ठेवा.

चपला नकोत, तळ घसरणार नाही असे बूट घाला. फांजीवरचे, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरचे, दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं. पावसानंतरचं गवत तर जास्त फसवं, कारण ढासळलेल्या दगडांमधली पोकळी त्यात झाकली जाते. पाऊल टाकण्याआधी काठीने चाचपा, आणि दगडांच्या फटीत हात घालू नका, तिथे विंचू असू शकतात. जिथे अडवलंय किंवा कठडा तुटलाय तिथून मागे फिरा. चर्येवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दगडी पाकळीवर, चढून फोटो काढायचा मोह तर अजिबात नको. जुन्या बुरुजांवर आणि झाडांवर आग्यामोहोळ लागतं, तेव्हा अत्तर लावून जाऊ नका आणि सिगरेटही नको.

जंगीतून, म्हणजे तटातल्या बंदुकीच्या भोकातून, बघणाऱ्यांचा हमखास हिरमोड होतो. जंग्या बहुधा खालच्या बाजूला उतरत्या असतात, कारण तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर बंदूक रोखता यावी. त्यातून दिसतो फक्त काठ. मंदिर बघायला दोन चर्यांमधली फट शोधा आणि एक पाऊल मागे सरका. दोन्ही बाजूंच्या काळ्या दगडांची चौकट आपोआप मिळते. दुर्बीण असेल तर आठपट पुरे, त्याहून मोठी हातात हलते. मोबाइलवर शिखरावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवा, नाहीतर गडद पाण्यापुढे उजळ शिखर पांढरंफटक येतं. ड्रोन घरीच ठेवा. संरक्षित स्मारक आहे.

एप्रिल-मेत पारा चाळिशीपार जातो आणि दगड संध्याकाळीही तापलेलेच असतात. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, बसायला जाड पंचा. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली तर उन्हातही खराब होत नाही. कागद मात्र परत आणा, वाऱ्याने तो थेट तलावात जातो.

संक्रांतीच्या आठवड्याचा वेगळा विचार करा. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा असतो, नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, होम मैदान माणसांनी फुलतं. ती यात्रा आवर्जून बघावी, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. या दिवसांत आसपासचे रस्ते अडवतात, रिक्षा लांबच सोडते आणि निवांत तट बघणं जमत नाही. इतर दिवशी रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने पार्क चौक सांगितलं की पुरे.

तटावरून मंदिर हाकेच्या अंतरावर वाटतं, पण जायला रस्त्याने वळसा पडतो. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं हातात ठेवा, आणि उन्हाळा असेल तर पिशवीत मोजे टाका. चपला काढल्यावर फरशी पाय भाजते.