जुन्या ट्रकला सेकंडहँड ईसीएम टाकताय? आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कळंबोलीला एका ओळखीच्या मालकाचा टिपर आठ दिवस उभा होता. सेल्फ एकदम मस्त घ्यायचा पण इंजिन काही चालू होईना, स्कॅनर (गाडीतले बिघाड वाचायचं मशीन) लावला तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, सापडतच नाही, मग कुणीतरी सांगितलं ईसीएम गेला आणि मालकाने जुन्या बाजारातून एक आणून लावला. तेच. परत दुसरा आणला, परत तेच. मी गेलो, ईसीएमच्या अर्थिंगची रिंग चेसिसवरून सोडली तर बोल्टखाली नुसता गंज. घासली, आवळली, आणि गाडी तिच्याच मूळ ईसीएमवर चालू झाली. दोन डब्यांचे पैसे गेले ते गेलेच, आठ दिवसांचा धंदा पण गेला. हे बघून फार वाईट वाटतं, कारण मल्टिमीटर लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न मोजता ईसीएमला मेलेला ठरवणं. स्कॅनरशी बोलत नाही याचा अर्थ तो खराब आहे असं नाही, बऱ्याचदा त्याला करंटच पोचत नसतो. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्टची लाईन, तर चावी ऑन करून ईसीएमच्या सप्लायच्या पिनांवर बॅटरीइतकाच व्होल्टेज येतोय का बघा. मेन रिले आणि फ्युज नुसते डोळ्याने बघून सोडू नका. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनला, आणि क्लीनरला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब, ईसीएमला हात लावू नका.

सेन्सरची ५ व्होल्टची लाईन पण बघा. एखादा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की ती लाईन खाली बसते आणि स्कॅनरवर चार-पाच सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम येतात, मग सगळ्यांना वाटतं ईसीएम गेला. एकेक सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो चोर. कॅनच्या, म्हणजे गाडीतले डबे एकमेकांशी बोलतात त्या लाईनीच्या, दोन वायरी बॅटरी सोडून मोजल्या तर साधारण ६० ओहम दाखवायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर लाईनमध्ये नाहीये, पण काही गाड्यांत तो ईसीएमच्या आतच असतो, म्हणून हे मोजताना ईसीएमचा कपलर लावलेला ठेवा. आणि आपल्याकडे समुद्राची हवा, चार महिने पाऊस, बंदराच्या लाईनीत रात्रभर उभ्या गाड्या, त्यात उंदीर, त्यामुळे कपलर उघडून पिना हिरव्या पडल्यात का आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठे कुरतडलाय का ते आधी बघायचं.

आता समजा खरंच गेलाय. मग का गेला ते शोधल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, नाहीतर तो पण जाईल. मी पाहिलेल्यात वेल्डिंगची भानगड जास्त. बॉडीला टाका मारायचा, बॅटरी तशीच जोडलेली आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कुठेतरी लांब लावलेली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल सोडा, ईसीएमचा कपलर काढा आणि क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावा. दुसरं, अल्टरनेटरचा रेग्युलेटर. इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट ठीक आहे, त्याच्या बराच वर जात असेल तर आधी ते काम करा. तिसरं, शॉर्ट झालेला इंजेक्टर, तो ईसीएममधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जाळतो आणि नवा डबा पण तसाच जाळेल.

खरेदीत लोक फसतात ते दिसण्यावर. डबा सेम, कपलर सेम, पण आतलं प्रोग्रॅमिंग वेगळं. स्टिकरवरचा नंबर पूर्ण जुळला पाहिजे, बॉशचा डिझेलचा असेल तर ०२८१ ने सुरू होतो, शेवटचे आकडे वेगळे म्हणजे वस्तू वेगळी. धुराचे नियम बदलले की ईसीएम बदलतो, बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आलं आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून, त्यामुळे बदलाच्या आसपासच्या गाड्यांत आरसीवरच्या वर्षावर विश्वास ठेवू नका, इंजिन नंबर आणि स्टिकर दोन्ही बघा. डब्याच्या कडेचा सीलंट उघडून परत लावल्यासारखा वाटला, पिना वाकलेल्या असल्या, तर घेऊ नका. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात घ्या नाहीतर अजून कुठे, गाडीवर लावून बघेपर्यंत परत घेईन हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

आणि कृपा करून जुना ईसीएम भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका! तुमच्या गाडीचा सगळा डेटा त्यात आहे. नंबर जुळणारा डबा मिळाला आणि जुन्याची मेमरी वाचता आली तर चांगला माणूस तो डेटा जसाच्या तसा नव्यात उतरवतो, याला क्लोन म्हणतात, माझ्या मते सेकंडहँडमध्ये हाच सगळ्यात सरळ रस्ता. तसं नाही केलं तर डबा दुसऱ्या गाडीच्या हिशोबाने चालतो. ज्या कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपातून डिझेल जातं ती) इंजेक्टरवर कोड छापलेला असतो तिथे तो कोड ईसीएममध्ये सिलिंडरप्रमाणे भरावाच लागतो, नाहीतर धूर, खडखड, आयडलला थरथर, आणि लोक विनाकारण इंजेक्टर खोलायला जातात. इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) असलेल्या गाडीत तर चावीच ओळखणार नाही. स्पीड लिमिटचं पण तसंच, ट्रकला ८० ची मर्यादा आणि डंपर-टँकरला ६० ची, त्यामुळे डंपरचा ईसीएम साध्या ट्रकला लावला तर गाडी हायवेला ६० ला अडकते आणि ड्रायव्हर म्हणतो पिकअप नाही.

बदलताना चावी बंद करून लगेच कपलर ओढू नका. ईसीएम बंद झाल्यावर काही वेळ आत माहिती सेव्ह करत असतो, पाचेक मिनिटं थांबा, मग मायनस सोडा, मग कपलर. प्रोग्रॅमिंग चालू असताना गाडीला चांगला चार्जर लावलेला पाहिजे आणि लॅपटॉपची बॅटरी पण भरलेली पाहिजे, मधेच व्होल्टेज पडला तर चांगला डबा जागेवर मरतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, कोणी म्हणालं की त्याच कामात युरिया आणि ईजीआर (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या सिस्टीम) पण बंद करून देतो, तर नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच वस्तीतली पोरं घेतात.

गाडी चालू असतानाच आज ईसीएमच्या स्टिकरचा आणि इंजेक्टरवर कोड असतील तर त्या सगळ्यांचा फोटो काढून ठेवा, रात्री घाटात गाडी बंद पडल्यावर चिखलाने भरलेला स्टिकर टॉर्चमध्ये वाचता येत नाही.