इअरफोन घेताय? आधी रबर बघा

बेळगावच्या खडेबाजारात पाच-सहाशेचा इअरफोन घ्यायला गेलं की दुकानदार हमखास धडाम-धडाम बेसचं गाणं लावून देतो. त्याला भुलू नका. आपल्या मोबाईलमध्ये खयालाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग ठेवा. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं असलं तर उत्तमच. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का? डग्ग्याचा घुमारा गोल वाटतो, की नुसता डबा वाजतो? 'स', 'श' कानाला टोचले तर तो इअरफोन बाजूला ठेवा.

पण त्याआधी इअरफोनच्या टोकाचं, कानात बसणारं रबर बदलून बघा. खोक्यात बहुधा तीन मापं असतात आणि आपण मधलंच लावून मोकळे होतो. (माझा डावा कान लहान आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.) रबर सैल बसलं की आधी बेस गळतो, मग चांगला इअरफोनही पत्र्यासारखा वाजतो. दोन इअरफोन ताडून बघताना आवाज सारखाच ठेवा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो. खोक्यावरच्या '२० ते २०,००० हर्ट्झ'कडे बघूही नका, ते बहुतेक सगळ्यांवर छापलेलं असतं.