मॅस्कॉटचं डोकं दोन शोंच्या मधे वाळवायची सोपी सोय

पार्कमध्ये मॅस्कॉटचं, म्हणजे फरचा पोशाख आणि मोठं पोकळ डोकं घालून पात्र बनायचं काम करताना पावसाळ्यात ते डोकं आतून वाळतच नाही, आणि आतला ओला स्पंज दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. नुसता पंखा लावला तर वरची फर वाळते, आतला घाम तसाच. हवा मानेतून आत जायला हवी.

नाशकात टोमॅटोचे जाळीदार क्रेट कुठेही मिळतात. एक पुरतो.

१. डोकं काढल्याबरोबर आतलं अस्तर कोरड्या पंच्याने दाबून टिपा. घासू नका, स्पंज सुटतो. कपाळाची पट्टी आणि हनुवटीचा बेल्ट सर्वात ओला असतो; निघत असेल तर वेगळा वाळवा.

२. क्रेट आडवा ठेवा, उघडं तोंड टेबल फॅनकडे. तळ आता मागे आला. तो आणि दोन्ही बाजू पुठ्ठ्याने बंद करा. वरची जाळी मोकळी.

३. मानेचं भोक खाली करून डोकं त्या जाळीवर ठेवा, कडेने टॉवेल गुंडाळा. फॅन लावा आणि डोळ्यांच्या जाळीसमोर तळहात धरा. वारा लागला म्हणजे बसवणूक बरोबर. नाही लागला तर पुठ्ठ्याच्या फटी बघा.

दिवसाचा शेवटचा शो झाला की आधी अस्तरावर सर्जिकल स्पिरिटचा हलका फवारा मारा. रंगवलेल्या भागावर नको, रंग उतरतो. वास पूर्ण उडाल्याशिवाय डोकं घालू नका, आणि जवळ विडी-काडी अजिबात नको.

घाई असली तरी हेअर ड्रायर टाळा: फरची टोकं वितळून कडक होतात आणि स्पंजचा गोंद सुटतो.