रणगाडा ओढणाऱ्या गाडीचं मॉडेल कसं करायचं: एम८८ए१, १/३५ स्केल

रिकव्हरी व्हेइकल म्हणजे रणगाड्यांची टोइंग गाडी. चिखलात रुतलेला, खड्ड्यात गेलेला, ट्रॅक तुटलेला रणगाडा ओढून बाहेर काढायचा, नाहीतर त्याचं इंजिन उचलून खाली ठेवायचं आणि दुसरं बसवायचं, हे तिचं काम. साध्या रणगाड्याच्या मॉडेलमध्ये ठरवण्यासारखं फार नसतं, बुरुज थोडा डावीकडे वळवला की झालं. इथे मात्र किटचा डबा उघडायच्या आधीच एक प्रश्न सोडवावा लागतो: गाडी आत्ता नेमकं काय करतेय? हे न ठरवता बरेचजण सुरुवात करतात (मीपण केलीय) आणि मग शेवटी दिसायला भारी पण कामाच्या दृष्टीने अशक्य अशी गाडी शोकेसमध्ये उभी राहते.

मी उदाहरण म्हणून अमेरिकन एम८८ए१ घेतोय. मूळ एम८८ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, पेट्रोल इंजिनची. ए१ ही १९७७ पासूनची, ७५० हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनची. म्हणजे ए१ चं किट घेऊन तिला व्हिएतनामच्या लाल मातीत उभी करायची नाही, तिथे जुनी एम८८ होती. एएफव्ही क्लबसारख्या कंपन्यांची ए१ ची १/३५ किट आहेत, कुठलंही घ्या, खाली लिहिलेलं सगळ्यांना लागू आहे.

या गाडीला तीन मुख्य अवयव. पुढे रुंद ब्लेड (याला स्पेड म्हणतात, जमिनीत रुतवून गाडीला टेकू द्यायचा), वर ए अक्षराच्या आकाराचा बूम (क्रेनसारखा भार उचलणारा दांडा), जो प्रवासात मागे आडवा पडलेला असतो आणि कामाच्या वेळी पुढे उभा होतो, आणि पोटात मुख्य विंच (केबल गुंडाळून ओढणारं यंत्र), जिची केबल पुढून मधोमध बाहेर येते. विंचची ओढ ९०,००० पाउंड, म्हणजे जवळपास ४१ टन. बूम ब्लेड टेकवून सुमारे २२ टन उचलतो. आता तीन अवस्था होतात.

प्रवास: बूम मागे, ब्लेड वर, सगळं सामान बांधलेलं.
ओढणं: ब्लेड जमिनीत, केबल पुढे ताणलेली, बूम मागेच.
उचलणं: बूम पुढे, ब्लेड खाली.

मॉडेलवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे बूमला रणगाड्याचा अख्खा बुरुज लटकतोय आणि ब्लेड मात्र रुबाबात हवेत. हलकं काही उचलायला ब्लेड लागत नाही, पण एवढ्या जड भाराला ते टेकवलेलंच पाहिजे, नाहीतर सगळं वजन पुढच्या टॉर्शन बारवर (चाकांच्या स्प्रिंगवर) येतं आणि गाडी नाक खुपसते. एकदा अवस्था ठरली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात, कुठलं हॅच उघडं, कुठलं हत्यार जागेवर नाही, चिखल कुठे, सगळं.

बेस आधीच मोजून घ्या. खरी गाडी साधारण सव्वाआठ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साडेतेवीस सेंटीमीटरच्या आसपास भरतं आणि रुंदी पावणेदहा सेंटीमीटर. ओढण्याचा सीन असेल तर केबलसाठी पुढे अजून तेवढीच जागा ठेवा. खरी मुख्य केबल ६१ मीटर असते, स्केलमध्ये पावणेदोन मीटर होते, तेवढी कुणी ताणून दाखवत नाही, पण दोन इंचांवर रणगाडा उभा करून त्याला ओढणंही हास्यास्पद दिसतं.

आता जोडणी. पार्ट स्प्रूपासून (ज्या प्लास्टिकच्या चौकटीत ते जोडलेले येतात) तोडताना निपरने थोडं लांबून कापा, मग दुसऱ्यांदा जवळून, उरलेला बारीक टोकाचा भाग सँडपेपरने घासा. एकाच फटक्यात जवळून कापलं तर प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खळगा पडतो. पुस्तिकेतला क्रम डोळे झाकून पाळू नका. पुस्तिका बूम लवकर बसवायला सांगत असेल तरी बसवू नका, तो आडवा आला की मागच्या डेकवर ना ब्रश जातो ना एअरब्रश. मी गाडीचे पाच वेगळे तुकडे ठेवतो: खालचं हल (गाडीचं धड) चाकांसकट, ट्रॅक, वरचं हल, ब्लेड, बूम. पाचही वेगवेगळे रंगवायचे, शेवटी जोडायचे. जिथे नंतर गोंद लागणार तिथे मास्किंग टेप किंवा थोडा ब्लू टॅक लावून ठेवा, कारण प्लास्टिक सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, रंगावर पकडत नाही.

चाकांचे स्विंगआर्म (चाकं धरणारे दांडे) चिकटवताना गाडी सपाट काचेवर ठेवा आणि सगळे आर्म एका ओळीत आहेत ना बघा, गोंद सुकेपर्यंत हलवू नका. ब्लेड टेकवून बूमने उचलण्याचा सीन असेल तर गाडी सरळच ठेवा. ओढण्याच्या सीनमध्ये मात्र मागचा भाग केसभर वर आणि नाक केसभर खाली असेल तर ओढ लगेच जाणवते, पण केसभरच, दोन मिलिमीटर म्हणजे फारच झाले.

बूमच्या बिजागरीची गोष्ट सांगतो. पहिल्या मॉडेलमध्ये मी बूम हलता ठेवायचा म्हणून पिनच्या बाजूला एक्स्ट्रा थिन सिमेंटचा एक थेंब टेकवला, तो फटीतून आत ओढला गेला आणि बूम कायमचा अर्ध्यात अडकला, ना वर ना खाली. पातळ सिमेंट फट दिसली की पाण्यासारखं आत शिरतं. बिजागरीजवळ जाड सिमेंट वापरा, तेही काडीच्या टोकाने, किंवा सरळ ठरवून टाका की बूम हलणार नाही आणि एका कोनात पक्का चिकटवा. हलणारा बूम शोकेसमध्ये कोण हलवणार आहे म्हणा!

कास्ट आर्मरचा पोत बघा. हलच्या ओतीव भागाचा पृष्ठभाग खऱ्या गाडीत थोडा खडबडीत असतो, किटमध्ये तो कधीकधी साबणासारखा गुळगुळीत येतो. पातळ पुट्टीमध्ये थोडं सिमेंट मिसळून जुन्या ब्रशने टिपटिप करत लावा, सुकल्यावर हलक्या हाताने घासा. वेल्डच्या रेघाही अशाच, ताणलेला स्प्रू सिमेंटने मऊ करून चाकूच्या टोकाने आडवे ओरखडे द्यायचे.

आता केबल. माझ्या मते अर्ध मॉडेल इथेच जिंकता किंवा हरता.

किटमधला दोरा वापरू नका. त्याला बारीक केस असतात, रंग लावला की ते ताठ उभे राहतात आणि पोलादी केबल लोकरीसारखी दिसते. खऱ्या मुख्य केबलची जाडी सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, ३५ ने भागलं की ०.९. ही जाडी तांब्याच्या तारेतून घरी काढता येते. ०.३ मिलिमीटरच्या सात तारा घ्या, एक मधे आणि सहा भोवती, त्या वळल्या की बरोबर ०.९ ची केबल होते. खऱ्या वायर रोपमध्येही बहुतेक वेळा गाभ्याभोवती सहा पदर असतात, म्हणजे पीळ आपोआप खरा दिसतो.

करायचं असं: सातही तारा आधी एकेक करून मेणबत्तीच्या ज्योतीवरून हळूच फिरवा, तांबं मऊ होतं. एक टोक टेबलाच्या व्हाइसमध्ये पकडा, दुसरं हातड्रिलच्या चकमध्ये. तारा ताणून धरा आणि ड्रिल सावकाश फिरवा, इलेक्ट्रिक ड्रिल असेल तर अगदी कमी स्पीडवर. पीळ एकसारखा बसत गेला की तार हाताला किंचित आखडल्यासारखी वाटते, तिथे थांबा, अजून दोन फेरे म्हटलं की गाठ पडते आणि सगळं परत करावं लागतं. सोडण्याआधी थोडं ओढून धरा म्हणजे उलगडत नाही. कापायच्या जागी आधी सुपरग्लूचा ठिपका द्या, मग कापा, नाहीतर टोक झाडूसारखं पसरतं. पण ठिपका म्हणजे सुईच्या टोकाएवढा, कारण सुपरग्लू पिळाच्या वाटेने वर चढतो आणि बोटभर केबल चकचकीत काठी होऊन बसते.

मग वजनाचा प्रश्न येतो. तुमच्या तारेला वजन नाही, खरीला आहे. खरी केबल ढिली असेल तर स्वतःच्या भाराने खाली झोल खाते आणि जमिनीवर सापासारखी मोठ्या वळणाने पडते, तिला छोटी छोटी वळणं घेता येत नाहीत. तुमची तार हवेत तरंगत राहते. म्हणून झोल तुम्हीच बोटांनी द्यायचा, एखाद्या गोल डबीवर हलकी दाबून, आणि जिथे ताण आहे तिथे तार पट्टीसारखी सरळ पाहिजे, किंचितही लाट नको. बूम उभा असेल तर त्याला मागून धरणाऱ्या केबलही तशाच ताठ. भार लटकतोय आणि मागच्या केबल सैल, हे बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं नक्की.

कप्पीतून केबल कशी जाते तेपण बघा. ती कप्पीच्या खाचेत बसते, कडेवर नाही, आणि भाराकडून येणारा पदर खाचेला स्पर्श करून सरळ खाली उतरतो. किटच्या कप्पीत खाच उथळ असते, गोल कानसीने थोडी खोल करा, दहा मिनिटांचं काम आहे.

रंग. आधी ग्रे प्राइमर, एकतर चुका दिसतात आणि दुसरं म्हणजे तांबं, पितळ, प्लास्टिक, पुट्टी सगळं एकसारखं होतं. पितळी फोटोएच पार्टवर (पातळ पत्र्यात कोरलेले बारीक पार्ट) प्राइमरशिवाय रंग नखाने निघतो. नंतर काळ ठरवा: १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन गाड्यांवर चार रंगांचा एमईआरडीसी नावाचा कॅमोफ्लाज पॅटर्न, ८० च्या दशकाच्या मध्यापासून हिरवा-तपकिरी-काळा असा नाटो पॅटर्न, आणि १९९१ च्या आखाती युद्धात वाळूच्या रंगाच्या गाड्या दिसतात. रंग थेट बाटलीतला मारू नका, थोडा फिका करून घ्या, एवढ्या छोट्या आकारात गडद रंग अजूनच गडद दिसतो आणि पुढे वॉशनेही (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग) तो काळवंडतोच. एअरब्रश करताना मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायची खुणा-अक्षरं) ग्लॉस वार्निश हवंच. मॅट पृष्ठभागावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक येते, मग काही केलं तरी जात नाही. ग्लॉस, डिकल, सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव), परत थोडं ग्लॉस, मग तपकिरी-काळा पिन वॉश फक्त बोल्ट आणि खाचांमध्ये, शेवटी मॅट.

आता गाडी मळवायची, आणि इथे परत तोच प्रश्न, ती काय काम करते. लोक गंज लावत सुटतात. पण ही गाडी म्हणजे चालतं-फिरतं वर्कशॉप, तिच्यावरची मळ तेलाची आणि ग्रीसची असते. विंचच्या तोंडाशी, कप्पीच्या आसाशी, बूमच्या बिजागरीशी गडद तपकिरी ऑइल पेंटमध्ये थोडं ग्लॉस वार्निश मिसळून लावा, ओलसर चमक आली पाहिजे. केबल वापरातली असेल तर तीही काळपट-तेलकट, वरून मऊ पेन्सिलचं शिसं हलकेच फिरवलं की पिळाचे उंचवटे पोलादासारखे चमकतात. गंज थोडासा, साखळ्यांवर, रंग खरवडला गेलेल्या जागी. ब्लेडची खालची कड मात्र घासून उघडी पडलेली, कारण ती मातीत घुसते, आणि तिथे पेन्सिल सढळ हाताने.

डेकवर जिथे क्रू चढतो तिथे बुटांची माती, हॅचच्या कडांना रंग झिजलेला. शॅकल (केबल अडकवायची लोखंडी कडी), पहारी, घण, लाकडी ठोकळे, टो-बार हे सगळं असतंच, पण प्रत्येक वस्तूला पट्टा किंवा कंस द्या, नुसती डेकवर चिकटवलेली पहार पहिल्या खड्ड्यात उडून गेली असती. ओढण्याच्या सीनमध्ये दोनचार जागा रिकाम्या ठेवा, ती हत्यारं जमिनीवर किंवा कुणाच्या हातात. आणि माणसं ठेवायची तर ताणलेल्या केबलच्या जवळ ठेवू नका, तुटलेली केबल चाबकासारखी फिरते आणि प्रशिक्षित क्रू तिथे उभा राहत नाही.

ट्रॅक शेवटून दुसरे. रबर पॅडचे असल्यामुळे पॅड मॅट गडद राखाडी, फक्त लोखंडी जोडांवर धातूची चमक. बेसच्या मातीत ब्लेड रुतवायचं असेल तर माती ओली असतानाच दाबा आणि ब्लेडच्या पुढे मातीचा ढिगारा सरकवा, गाडी ओढली जाऊन पुढे सरकायला बघते म्हणजे माती पुढेच जमणार. हे उलटं केलेलं मी स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या मॉडेलमध्येपण पाहिलंय.

सगळ्यात शेवटी केबल बांधायची, मॉडेल बेसवर पक्कं झाल्यावरच. आधी विंचकडचं टोक चिकटवा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी समोरच्या रणगाड्याचं शॅकल अजून न चिकटवता त्यात केबलचं टोक अडकवा, शॅकलला चिमट्याने हलकं ओढून धरा, केबल सरळ झाली की मगच शॅकलवर सुपरग्लूचा ठिपका, आणि तो सुकेपर्यंत चिमटा सोडू नका.